जुन्या विमानांची ओळख पटवण्याचा खेळ आणि त्यामागचे शास्त्र

जुन्या विमानाचे एक छायाचित्र समोर ठेवायचे, त्याचे नाव झाकायचे आणि हे विमान कोणते असे विचारायचे. ज्याला ते प्रथम ओळखता येईल त्याने पुढचे छायाचित्र आणायचे, एवढीच या खेळाची मांडणी आहे. त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत, आणि शाळकरी मुलीपासून निवृत्त हवाई सैनिकापर्यंत सर्वांना एकत्र बसून तो खेळता येतो. मात्र हा पाठांतराचा खेळ आहे असा समज झाला की तो लवकर कंटाळवाणा होतो, कारण दोन महायुद्धांच्या काळात जगभर इतक्या प्रकारची विमाने तयार झाली की ती सर्व ध्यानात ठेवणे कोणालाही शक्य नाही. विमानाचा प्रत्येक बाक, प्रत्येक टेकू आणि चाकाची प्रत्येक जागा कोणत्या तरी अडचणीवरचे उत्तर म्हणून ठरलेली असते, आणि ती अडचण ओळखता आली की आयुष्यात कधी न पाहिलेल्या विमानाच्या नावापर्यंतही बरेच जवळ जाता येते.

बेळगाव आणि आसपासच्या सीमाभागात या खेळाला आधीच सुपीक जमीन आहे. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली ब्रिटिश रॉयल एअर फोर्सने बांधली, तेव्हा ब्रह्मदेशातील जपानविरुद्धच्या लढाईला पाठबळ देणे हा तिचा हेतू होता. आज तेथे भारतीय हवाई दलाचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. मुतगा, बाळेकुंद्री, सुळेभावी या गावांतील मुलांना आकाशातला आवाज ऐकून मान वर करण्याची सवय लहानपणापासूनच असते. हुक्केरी तालुक्यातील हत्तरगीला आता विमानांचे सुटे भाग तयार होतात, आणि बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेथ व फाउंड्रीवर उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला सिलिंडरवरच्या पातळ पापुद्र्यांसारख्या कडा कशासाठी असतात हे कोणी शिकवावे लागत नाही. अशा माणसाने जुन्या विमानाचे छायाचित्र हातात घेतले की तो नावाआधी बांधणीकडे पाहतो, आणि या खेळात तीच योग्य सुरुवात आहे.

विमान ओळखणे ही एके काळी जीवनमरणाची विद्या होती. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच हरिकेन विमानांना शत्रू समजून त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यात एका वैमानिकाचा मृत्यू झाला. पुढे सैनिक, तोफची आणि जमिनीवरून आकाशावर पहारा ठेवणारे स्वयंसेवक यांना विमानांच्या काळ्या छायाकृती दाखवून शिकवले जाऊ लागले, आणि पत्त्यांच्या कॅटवरही अशा छायाकृती छापल्या गेल्या. पंख, इंजिन, धड आणि शेपूट या चार गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात असे त्या शिक्षणात सांगितले जाई. आज आपल्यासमोर शत्रू नाही आणि घाईही नाही, तरी हा क्रम तसाच उपयोगी आहे, कारण लांबून किंवा अंधुक छायाचित्रातही जे सर्वांत आधी स्पष्ट होते ते पंख असतात.

पंख पाहताना ते एक जोडी आहेत की दोन, धडाच्या वर आहेत की खाली की मध्यभागी, त्यांना बाहेरून टेकू आहेत की नाहीत, आणि वरून पाहिल्यास त्यांची कड सरळ आहे की मागे वळलेली आहे, हे प्रश्न स्वतःला विचारावेत. डी हॅविलंड कंपनीची जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ ही दोन द्विपंखी विमाने याचे उत्तम उदाहरण आहेत, कारण नवख्या माणसाला ती एकच वाटतात. जिप्सी मॉथचे पंख धडाला काटकोनात सरळ बसवलेले आहेत. टायगर मॉथचे पंख टोकांकडे मागे झुकलेले आहेत आणि वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे आहे. याचे कारण असे की टायगर मॉथ लष्करी शिक्षणासाठी घडवले गेले, आणि पुढच्या आसनावर बसलेल्या माणसाला अपघाताच्या वेळी पॅराशूटसह झटकन बाहेर पडता यावे म्हणून डोक्यावरचा पंख पुढे सरकवावा लागला. पंख पुढे गेला की विमान उचलून धरणारा जोरही पुढे जातो आणि तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी पंखांची टोके मागे झुकवली गेली. एका माणसाचा जीव वाचावा म्हणून केलेला हा बदल ९० वर्षांनंतरही छायाचित्रात ओळखीची पहिली खूण म्हणून दिसतो. मला स्वतःला या खेळातला सर्वांत मोठा आनंद अशा शोधात वाटतो.

पंखांनंतर इंजिन पाहावे. जुन्या विमानांची पिस्टन इंजिने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एका प्रकारात सिलिंडर प्रोपेलरच्या आसाभोवती वर्तुळात मांडलेले असतात, त्यांना हवा थेट लागून ते थंड होतात, आणि त्यामुळे विमानाचे नाक गोल व बोथट दिसते. झाकणाच्या तोंडातून हे सिलिंडर मोजता आले तर ते सात आहेत की नऊ यावरूनही पुष्कळ उलगडा होतो. दुसऱ्या प्रकारात सिलिंडर एकामागे एक रांगेत असतात आणि नाक निमुळते होते. रांगेतले इंजिन मोठे आणि पाण्याने थंड होणारे असेल तर विमानावर कुठे तरी रेडिएटर असलाच पाहिजे: स्पिटफायरमध्ये तो पंखाखाली आहे, हरिकेनमध्ये पोटाखाली मध्यभागी, तर मस्टँगमध्ये पोटाखाली बराच मागे. छोट्या विमानांत हे रांगेतले इंजिन अनेकदा उलटे, म्हणजे सिलिंडर खाली लटकलेले, असे बसवत. तसे केल्याने प्रोपेलरचा आस वर जातो, प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतो आणि नाकाचा वरचा भाग उतरता होऊन वैमानिकाला पुढचे अधिक दिसते. जिप्सी मॉथच्या सुरुवातीच्या नमुन्यांत इंजिन सुलटे आणि टायगर मॉथमध्ये ते उलटे आहे, तेव्हा पंख कापले गेलेल्या छायाचित्रातही नुसत्या नाकावरून या दोघींतला फरक सांगता येतो.

धडाबद्दल थोडक्यात एवढेच की त्याचे कातडे कापडाचे, प्लायवूडचे की धातूच्या पत्र्याचे, हे उजेड त्यावर कसा पडतो त्यावरून ठरवता येते. पन्हळी पत्र्याचे धड दिसले की जर्मन युंकर्स कंपनीचे नाव प्रथम मनात येते, आणि ते बहुधा बरोबर असते. परंतु अमेरिकेच्या फोर्ड कंपनीच्या तीन इंजिनी विमानालाही तसाच पत्रा होता. युंकर्स ५२ आणि फोर्ड यांची तीन इंजिने व पन्हळी पत्रा पाहून गोंधळ झाल्यास पंखांकडे परत यावे: युंकर्सचे पंख धडाच्या खालच्या बाजूला, तर फोर्डचे वरच्या बाजूला आहेत.

शेपटीला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण तेथे कारखान्याची स्वतःची शैली उघड होते. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या या मुलखातील श्रोत्याला पहिल्या दोन ताना ऐकून गायकाचे घराणे सांगता येते, तसे सरावलेल्या डोळ्याला डी हॅविलंडच्या शेपटीची गोलसर कमान पाहून, विमान नेमके कोणते हे ठरण्याआधीच, ते कोणाच्या हातचे आहे हे समजते. काही वेळा तर शेपूट हाच एकमेव निवाडा असतो. दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनी लिबरेटर बॉम्बफेकी विमानाला शेपटीच्या दोन्ही टोकांना एकेक अशी दोन उभी सुकाणू होती. त्याच्यावरूनच घडवलेल्या प्रायव्हेटियर या नौदलाच्या विमानाला मात्र एकच उंच सुकाणू होते. लिबरेटरचा आपल्याशी जवळचा संबंध आहे, कारण युद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली ही विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी दुरुस्त करून बंगळूरला आणली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली.

आता एक कोडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, छायाचित्रात धडाच्या वर एकच पंख असलेले, बंद खोलीचे, एक इंजिनाचे छोटे विमान आहे, त्याच्याजवळ जे. आर. डी. टाटा उभे आहेत, आणि कराची ते मुंबई हवाई टपालाचे विमान असे कोणी सांगत आहे. पहिले उत्तर सहज येते: पस मॉथ, कारण १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले ते याच विमानातून, आणि पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. परंतु त्या घटनेला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी टाटांनी तोच प्रवास पुन्हा केला, आणि त्या वेळी त्यांनी वापरलेले विमान लेपर्ड मॉथ होते. दोन्ही विमाने डी हॅविलंडचीच, दोन्हींचे पंख वर, दोन्हींची इंजिने उलटी. तेव्हा निवाडा कशावर करायचा? पस मॉथचा पंख मुळापासून टोकापर्यंत जवळपास सारख्या रुंदीचा आहे, लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होतो. पस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वर कापड, तर लेपर्ड मॉथचे धड प्लायवूडच्या पेटीचे, म्हणून ते वजनाला हलके. लेपर्ड मॉथमध्ये वैमानिक पुढे मध्यभागी एकटा बसतो आणि मागे दोन प्रवासी शेजारीशेजारी बसतात, त्यामुळे खिडकीतून दिसणाऱ्या डोक्यांच्या जागाही वेगळ्या असतात. यातली एक खूण झाकली गेली असेल तर दुसरी उपयोगी पडते, आणि दोन खुणा एकमेकींना दुजोरा देत नाहीत तोवर उत्तर पक्के समजू नये. टाटांचा चेहरा तरुण आहे की वृद्ध हे पाहूनही उत्तर देता आले असते, आणि तसे उत्तर मी मान्य करीन. पण त्यात विमान वाचले गेले नाही, माणूस वाचला गेला, एवढे लक्षात घ्यावे.

विमानावर रंगवलेली अक्षरे आणि चिन्हे हा वेगळाच खजिना आहे. नागरी विमानांवरील पहिली अक्षरे देश सांगतात: जी म्हणजे ब्रिटन, एफ म्हणजे फ्रान्स, डी म्हणजे जर्मनी, एन म्हणजे अमेरिका, आय म्हणजे इटली, आणि व्हीटी म्हणजे भारत, टाटांच्या १९३२च्या पस मॉथवर व्हीटी-एडीएन अशी अक्षरे होती. भारतातील विमानावर व्हीटीऐवजी जी-आय अशी सुरुवात दिसली तर ते छायाचित्र १९२०च्या दशकातले असण्याचा संभव मोठा आहे. लष्करी विमानांवरील गोल चिन्हांत तर इतिहास साठलेला आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या गोलातला लाल ठिपका जपानच्या लाल गोळ्यासारखा दिसे, म्हणून तो काढून टाकून केवळ निळ्याच्या गडद-फिक्या छटा ठेवण्यात आल्या. अमेरिकेनेही १९४२ साली आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका याच कारणाने पुसला. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या हवाई दलाच्या विमानांवर अशोकचक्र होते आणि नंतर आजचे तिरंगी वर्तुळ आले, त्यामुळे चक्र असलेले छायाचित्र अगदी थोड्या वर्षांच्या मर्यादेत बसवता येते.

रंगांबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळी प्रचलित असलेल्या एका प्रकारच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, तर निळा रंग ती फार फिका दाखवी. अशा छायाचित्रात लाल आणि पिवळे भाग काळपट, आणि निळे भाग पांढुरके दिसतात, आणि चिन्हातल्या रंगांचा क्रम उलटा आहे असा भास होऊन विमानाला भलतेच राष्ट्रीयत्व चिकटवले जाते. म्हणून चिन्हावरून काढलेला निष्कर्ष बांधणीवरून काढलेल्या निष्कर्षाशी जुळतो का, हे नेहमी पडताळावे.

दुर्मीळ विमानांकडे वळायचे तर मी प्रथम हार्लो पीसी-५ चे नाव सुचवीन. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभारली, आणि तेथे जोडणी होऊन १९४१ साली प्रथम उडालेले विमान हे होते. पंख धडाच्या खाली, सर्व अंग धातूचे, शिक्षक आणि विद्यार्थी एकामागे एक, आणि नाकात सात सिलिंडरचे गोल मांडणीचे छोटे इंजिन, अशी त्याची ठेवण आहे. घाईत पाहणारा त्याला हार्वर्ड हे शिक्षणविमान समजतो, परंतु हार्वर्डचे इंजिन नऊ सिलिंडरचे आणि ताकदीने कित्येक पटींनी मोठे, त्यामुळे त्याचे नाक धडाच्या मानाने फार जाडजूड दिसते. हार्लोच्या मुळाशी असलेली हकीकत मला फार प्रिय आहे: या विमानाचा पूर्वज अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, पॅसाडीना येथील कॉलेजात, मॅक्स हार्लो नावाच्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन घडवला होता. विद्यार्थ्यांच्या वर्गात जन्मलेल्या आराखड्याचे सुटे भाग समुद्र ओलांडून म्हैसूर संस्थानात येतात आणि त्यातून भारतीय विमान उद्योगाची पहिली पायरी तयार होते. दहा वर्षांनी, १९५१ साली, त्याच कारखान्यातून एचटी-२ हे पूर्णपणे भारतीय आराखड्याचे शिक्षणविमान उडाले. त्याचे प्रमुख रचनाकार विष्णू माधव घाटगे हे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल या नामांकित वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले होते. पुढे हे विमान घानाच्या हवाई दलानेही घेतले, हे सीमाभागातील मराठी मुलांना माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

छायाचित्रांवर सराव झाला की प्रत्यक्ष विमान पाहावे, आणि त्यासाठी आपल्याला दिल्लीपर्यंत जाण्याची गरज नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावर दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे, आणि तेथे शॉर्ट सीलँड नावाचे, जगात २५च्या आसपासच तयार झालेले विमान उभे आहे. भारतीय नौदलाच्या हवाई शाखेने १९५३ साली वापरात आणलेले हे पहिले विमान. त्याचे पोट होडीसारखे आहे, कारण ते पाण्यावरही उतरे. पंख उंच आणि इंजिने त्याहून वर आलेली, कारण प्रोपेलरला पाण्याचे तुषार लागू नयेत. पंखांच्या टोकांकडे खाली तराफे, कारण पाण्यावर ते एका बाजूला कलू नये. एवढे वाचता आले तरी ओळख पूर्ण होत नाही, कारण अमेरिकेच्या ग्रमन कंपनीचे विजन हे विमानही असेच होडीच्या पोटाचे, उंच पंखांचे आणि रांगेतल्या दोन इंजिनांचे आहे. येथे आकारमान कामाला येते: विजनचा पंखविस्तार सुमारे १२ मीटर, सीलँडचा १८ मीटरच्या आसपास. छायाचित्रात शेजारी उभा असलेला माणूस किंवा विमानाचा दरवाजा हीच अशा वेळी मोजपट्टी होते. त्याच संग्रहालयात फेअरी फायरफ्लाय आणि तीन सुकाणूंचे सुपर कॉन्स्टेलेशनही पाहायला मिळतात, त्यामुळे एका दिवसात शेपट्यांचा चांगला अभ्यास होतो.

खेळाच्या वागणुकीबद्दल काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. छायाचित्र संगणकाला किंवा फोनला दाखवून उत्तर काढणे वर्ज्य मानावे, कारण त्यात खेळणाऱ्याचा डोळा तयार होत नाही. कोडे घालणाऱ्याने स्वतःचे उत्तर निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडताळलेले असावे. जुन्या छायाचित्रांखालच्या ओळी पुष्कळदा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि चूकही तशीच उतरत जाते. उत्तर नुसत्या नावापुरते हवे की नेमक्या उपप्रकारापर्यंत, हे आधी सांगावे, नाहीतर शेवटी वाद होतो. चुकीचे उत्तर आले तर नाही एवढेच म्हणून थांबू नये, त्यातला कोणता भाग बरोबर आहे हे सांगावे, कारण देश बरोबर पण कंपनी चुकली एवढे कळले तरी नवख्याचा हुरूप टिकतो. आणि नाव चुकले पण कारण अचूक सांगितले, तर पुढचे छायाचित्र आणण्याचा मान त्यालाच द्यावा, असा नियम मी आवर्जून सुचवतो. एक गोष्ट मात्र गंभीरपणे पाळावी: सांबऱ्याचा तळ लष्करी आहे, तेव्हा खेळासाठी तेथील विमानांची किंवा धावपट्टीची छायाचित्रे काढू नयेत, जुनी, प्रसिद्ध झालेली छायाचित्रे आणि घरोघरच्या निवृत्त हवाई सैनिकांचे संग्रह एवढ्यावर हा खेळ कित्येक वर्षे चालेल.

सर्व जण अडले की होय किंवा नाही एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारण्याची पद्धत वापरावी. चांगला प्रश्न उरलेल्या शक्यता निम्म्या करतो, आणि या हिशेबाने १,००० विमानांतून एक निवडायला दहा प्रश्न पुरतात. हे विमान फोकर कंपनीचे आहे का, असा प्रश्न आधीच विचारल्यास बहुधा नाही असे उत्तर येऊन एकच शक्यता कमी होते. याचे इंजिन हवेने थंड होते का, या प्रश्नाने उत्तर काहीही आले तरी अर्धा ढीग बाजूला होतो. मुलांना हे फार लवकर उमगते.

सुरुवातीसाठी एक कोडे येथेच देतो. पंख धडाच्या खाली, चाके कायम बाहेर, नाकात सहा सिलिंडरचे उलटे, रांगेतले इंजिन. शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी बसतात, आणि त्यांच्या मागे तिसरे आसन आहे, जेथे बसून दुसरा विद्यार्थी पुढचे शिक्षण पाहत असे. त्यामुळे वैमानिकाच्या बसण्याची जागा इतर शिक्षणविमानांपेक्षा ठळकपणे रुंद आहे. आराखडा ब्रिटिश, परवान्याने बांधणी बंगळूरला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत आपल्या हवाई दलाचे वैमानिक त्यावर शिकले. पंखांची टोके वरच्या दिशेला वळवलेली आहेत. उत्तर देताना नावाबरोबरच, ही टोके वळवल्याने विमानाच्या तोलात काय फरक पडत असेल, हेही लिहून द्यावे.